दुसरी चाल आणि शिरूरचे घर

मी, सावळाराम भिमा साकोरे, वय ७८, मूळ राहणार केंदूर, हल्ली राहणार शिरूर, एक्केचाळीस वर्षे वकिली करून निवृत्त, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे. शरीराबद्दल तसे विधान करणार नाही. दुसऱ्यांची मृत्युपत्रे मी शेकड्यांनी लिहिली. स्वतःचे चार वर्षे टाळले. आता टाळण्याचाही कंटाळा आला आहे.

१. केंदूरच्या वडिलोपार्जित जमिनीतील माझा हिस्सा मुलगा पृथ्वीराज व मुलगी सुलक्षणा यांना समसमान. सुलक्षणाकडून हक्कसोड लिहून घेण्याचा कोणाचा विचार असल्यास तो सोडावा. या मृत्युपत्राची अंमलबजावणी तिनेच करावी.

२. कायद्याची पुस्तके कपाटासह तालुक्याच्या वकील मंडळाला. बार रूममधील माझी खिडकीजवळची खुर्ची १९९६ साली मी आजारी असताना ज्यांनी उचलली, त्यांच्याकडील मागणी मी सोडून देतो. हरकत सोडत नाही.

३. टाइपरायटर माझे जुने कारकून म्हस्कू कोकरे यांना. त्यांना काही देत असल्यामुळे साक्षीदार केलेले नाही. वाईट वाटल्यास त्यांनी ते कायद्याबद्दल वाटून घ्यावे.

४. पत्त्यांचे दोन जोड, चिंचोक्यांचा डबा व हिरवी वही पत्नी साखरबाईला. याचे कारण लिहिणे आवश्यक आहे.

पोकर आमच्या घरी पृथ्वीराजने आणला. तो रांजणगावच्या एका कारखान्यात अधिकारी आहे, राहतो वाघोलीला. सुट्टीच्या दुपारी येतो आणि आम्ही तिघे चिंचोके लावून खेळतो. प्रत्येकाला दोन झाकली पाने. पहिली चाल झाली की मध्ये तीन पाने उघडतात, मग चौथे, मग पाचवे. पृथ्वीराज आधी चाल वाढवतो आणि तीन पाने उघडल्यावर, ती त्याच्या उपयोगाची असोत वा नसोत, पुन्हा चाल लावतो. याला तो ‘सी-बेट’ म्हणतो. युक्तिवाद म्हणून पाहता ही निव्वळ पुनरुक्ती आहे: मघाशी माझी बाजू भक्कम होती, म्हणून आताही आहे. साखरबाई दरवेळी पॅक करीत असे, म्हणजे पत्ते टाकून डाव सोडीत असे.

दोन वर्षे मी वहीत नोंद ठेवली. दहापैकी सहा-सात वेळा त्याच्या हातात काही नसते. त्यावर उतारा असा: एक्का आणि बाकी विस्कळीत पाने उघडली व आपला हात रिकामा असेल, तर मुकाट्याने सोडावे, एक्का बहुधा त्याचाच. सात, आठ, नऊ अशी लगतची पाने उघडली, तर ती राजा-राणी घेऊन बसलेल्याला लागत नाहीत. तेथे चाल उलट वाढवावी. आपल्याकडे लहानशी जोडी असेल, तर नुसती बरोबरी करून, म्हणजे त्याच्याइतकेच चिंचोके लावून, चौथे पान येऊ द्यावे. कागद नसलेला पक्षकार दोनदा ठासून बोलतो आणि तिसऱ्यांदा तारीख मागतो.

हे तिला शिकवण्याचे कारण खेळ नव्हे. हे घर विकून आईला वाघोलीच्या फ्लॅटमध्ये न्यावे, असे पृथ्वीराज गेल्या दसऱ्याला बोलला. पुढच्या आठवड्यात तेच बोलला, फक्त सोबत एजंटाचे कार्ड होते. साखरबाई म्हणाली, “बघा, तुमचं काय ते.” मी गेल्यावर ती दुसऱ्या मागणीला सही करील, हे मला स्पष्ट दिसले. म्हणून वहीतले तिला शिकवले.

गेल्या फेब्रुवारीत तीन पाने उघडल्यावर त्याने सवयीने चाल लावली.

“आई, टाक पत्ते. तुझ्याकडं काही नाहीये.”

“माझ्याकडं काय हाय ते मला दिसतंय. तू तुजं बघ.”

तिने बरोबरी केली. चौथे पान आले. या वेळी त्याने चाल लावली नाही. तिने आपले सगळे चिंचोके पुढे सारले. त्याने पॅक केले.

“दाखव तरी काय होतं!”

“बघायचं व्हतं तर चिंचोके लावायचे व्हते, साहेब.”

५. शिरूरचे घर व जागा. या कलमात मी प्रथम लिहिले होते: ‘साखरबाईस हयातीपर्यंत, तिच्या पश्चात पृथ्वीराजला.’ तिला विकताच आले नाही, तर कोणी विकायला लावणार नाही, असा हेतू. मी तिला वाचून दाखवले. ती शेंगा सोलत होती.

“हयातीपर्यंत म्हंजी?”

“तू असेपर्यंत घर तुझे. विकता मात्र येणार नाही.”

“न्हाई. तसलं नको.”

मी तेच पुन्हा वाचले, आवाज चढवून आणि कायद्याचा आधार देऊन.

“ऐकलं की मगाशी. कारण सांगा.”

“तुझ्या भल्यासाठीच आहे.”

“अहो, माझ्या आईनं दिलेलं खुटबावचं रान इकून ही जागा घेतली. तवा ते रान हयातीपुरतं इकलं व्हतं का?”

हे खरे आहे. १९८९ साली ते रान विकण्याबद्दल मी तिला एकदा विचारले. आठ दिवसांनी तेच, मोठ्याने विचारले. दौंडच्या निबंधक कार्यालयात तिने सही केली. दुसऱ्यांदा विचारताना मला नवे काहीच सांगावे लागले नव्हते. पॅक करण्याची सवय तिला पृथ्वीराजने लावलेली नाही.

मला तिसरा मुद्दा सुचला नाही. सबब ‘हयातीपर्यंत’पासून ‘पृथ्वीराजला’पर्यंतचे शब्द खोडले आहेत; सगळा कागद पुन्हा लिहिण्याचे त्राण नाही. घर व जागा साखरबाईस पूर्ण मालकीने. राहावे, विकावे, कोणासही द्यावे. पृथ्वीराज येईल, पुन्हा येईल; त्याला काय उत्तर द्यावे याचे सहावे कलम योजले होते, ते लिहीत नाही. तिला त्याची गरज नाही.

खोडलेले मान्य.
सही: सावळाराम भिमा साकोरे
शिरूर, १४ जुलै २०२५

साक्षीदार: डॉ. राजनंदिनी पवार, रविराज टकले, शेजारी. लिहून देणाऱ्यांनी आमच्यासमोर व आम्ही त्यांच्यासमोर सह्या केल्या. त्याआधी साखरबाईंनी साकोरे वकिलांना पाचवे कलम आमच्यादेखत दोनदा वाचायला लावले, आणि मग त्यांच्या हातात पेन दिला.