आमची कंपनी आणि तुमची लोकर

ती. अक्कांना,

नमस्कार. तुमचे गुडघे जिना चढू देत असतील आणि साडूभाऊंचा खोकला बरा असेल, अशी आशा आहे. (नसेल तर औषध त्यांच्या हातात न देता सरळ तोंडात द्यावं. मागच्या वेळी अर्धी बाटली तुमच्या कुंडीतल्या झाडाला मिळाली होती, आणि ते झाड पुढे जगलं नाही.) मी ठीक आहे. जेवतो, झोपतो, आणि तुम्ही फोनवर दर वेळी विचारता म्हणून सांगतो, दाढीही करतो. फोनवर मला बोलता येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. तुमची बहीण होती तेव्हा माझ्या वाटचंही तीच बोलायची. आता वर्ष झालं, मी अजून ‘हो’, ‘बरं’ आणि ‘ठेवतो’ यांच्या पलीकडे गेलेलो नाही. म्हणून लिहायला बसलो आहे. बातमी मोठी आहे, पण ती आधीच सांगितली तर तुम्ही पुढचं वाचणार नाही, आणि पुढच्यात तुमचाही भाग आहे.

चालू नोकऱ्या सोडून बापलेकीनं कंपनी काढणं हा दुःखाच्या भरात केलेला वेडेपणा आहे, असं तुम्ही म्हणाला होतात. दुःखाचा भाग बरोबर होता. ती गेल्यावर घर इतकं गप्प झालं की फ्रिज सुरू झाला तरी मी वळून बघायचो. एका रविवारी जेवताना मुलगी म्हणाली, बाबा, काहीतरी बोला, काहीही. मला काही सुचेना, म्हणून मी दुकानातली गोष्ट सांगितली. (मी आयुष्यभर त्या मोठ्या दुकानात परत आलेला माल घेण्याच्या काउंटरवर उभा राहिलो, आणि घरी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही, कारण कुणी विचारलं नाही.) एक गृहस्थ कोट परत करायला आले होते, एकदाही अंगाला लावला नाही म्हणत होते, आणि आतल्या खिशात त्यांनी एका लग्नात केलेलं भाषण निघालं. (भाषण चांगलं होतं.) दुसऱ्या एकाने इस्त्रीच्या खोक्यात वीट घालून परत केली, पण ती वीट इतक्या मायेने कागदात गुंडाळली होती की मला ती परत करताना वाईट वाटलं. पोरगी जेवायची थांबली. मग मी तिला सांगितलं की पहिल्या खरेदीवरच्या सवलतीसाठी लोक नवनव्या नावांनी खाती उघडतात. नाव बदलतात, फोन नंबर बदलतात, पण डिलिव्हरीवाल्यासाठी लिहिलेली सूचना बदलत नाहीत. ‘निळ्या फाटकाशी हाक मारा, कुत्रा नुसता भुंकतो’ असं लिहिणारा प्रत्येक नावाखाली तेच लिहितो. नाव लिहिताना माणूस सावध असतो, पण पार्सल घरी पोचायलाच हवं असतं, त्यामुळे तिथे तो खरं बोलतो.

मुलीने हातातला घास ताटात ठेवला आणि म्हणाली की हे कुठल्याच कॉम्प्युटरला माहीत नाही. ती बँकेत कॉम्प्युटरच्याच कामाला होती, तेव्हा तिला माहीत असणार. ग्राहकाची इकडेतिकडे विखुरलेली माहिती गोळा करायची, तिच्यातून एकेक खरा माणूस उभा करायचा आणि जो जुळत नाही त्याच्यावर लाल खूण करायची, अशी कंपनी आपण काढू, असं तिने भात संपायच्या आत ठरवलं. एक अट मात्र घातली. परगावच्या एका कंपनीने तिला नोकरी देऊ केली होती. वर्षभरात आपल्याला एकही मोठं गिऱ्हाईक मिळालं नाही तर ती ती नोकरी धरणार. ती तिकडे गेली की घरात मी आणि फ्रिज. तेव्हा मी कंपनीसाठी इतकी धावपळ का करत होतो, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल.

जागा मिळाली ती दातांच्या दवाखान्याच्या वरची खोली. आम्ही गिऱ्हाइकाला फोनवर समजावत असताना खाली यंत्र सुरू व्हायचं, आणि मागोमाग माणूस. एका दुकानदाराने तर दबक्या आवाजात विचारलं की पकडलेल्या लोकांना तुम्ही तिथेच ठेवता का. (मी नाही म्हणालो. त्याचा जरा विरस झाला.) तिसरा भागीदार म्हणून मुलीच्या ओळखीचा एक प्रोग्रॅमर आला. त्याच्या कानावरचा हेडफोन कधी उतरत नसल्याने आम्ही त्याला हेडफोनच म्हणतो. त्याची हरकत नाही, कारण त्याला ते ऐकू येत नाही.

आमची पहिली सिस्टिम एका पत्त्यावर एकच माणूस राहतो असं धरून चालायची. तिने नर्सेसचं अख्खं हॉस्टेल एका बाईत कोंबलं. या बाईला सारखे पांढरे बूट लागत, तेही दर वेळी वेगळ्या मापाचे, आणि तिचा वाढदिवस महिन्यातून कितीतरी वेळा यायचा. सिस्टिमने तिला अत्यंत मोलाची ग्राहक ठरवून दर वाढदिवसाला शुभेच्छा पाठवल्या. ते दुरुस्त केलं तर दुसरी सिस्टिम निघाली संशयी. एक गृहस्थ दर थोड्या दिवसांनी तीच पँट परत करून एक माप मोठी न्यायचे. लाल खूण. मी स्वतः फोन केला. ते लबाड नव्हते, जाड होत होते. सिस्टिमची चूक झाली म्हणून मी माफी मागितली, तर म्हणाले, चूक कसली, घरी बायकोही लाल खूणच करते.

असं करत वर्ष सरत आलं आणि एकदाची आमच्या त्याच जुन्या दुकानाने महिनाभर चाचणी घ्यायची ठरवली. चाचणी पार पडली आणि निकालाला आम्ही तिघे मोठ्या बाईंच्या खोलीत गेलो. (मोठ्या बाई म्हणजे दुकानाच्या सर्वेसर्वा. मी तिथे इतकी वर्षं होतो, पण त्यांनी मला ओळखलं नाही. काउंटरच्या मागे माझा फक्त कमरेवरचा भागच दिसायचा, त्यामुळे उभा माणूस त्यांना अनोळखी वाटला असावा.) परगावच्या कंपनीला उत्तर द्यायची मुदत त्याच आठवड्यात संपत होती. बाईंनी आमचे सुंदर रंगीत आलेख बाजूला सारले आणि म्हणाल्या, मी लाल खुणांपैकी माझ्या मनाने एक उचलणार. नाव झाकलेलं राहू दे. ते खातं लबाडीचं का आहे हे मला पटवून द्या, नाही पटलं तर चहा घेऊन जा.

त्यांनी एक उचललं आणि चष्मा लावून वाचायला लागल्या. जुनी सभासद, आपल्याच कर्मचाऱ्याच्या घरची, म्हणून सवलत सगळ्यात जास्त. वर्षापूर्वी दुकानात येणं एकदम थांबलं. काही महिने काहीच खरेदी नाही. मग नव्या पत्त्यावर सुरुवात. लोकर. विणायच्या सुया. आणखी लोकर, पिवळी. गुडघ्यांना चोळायचं तेल. मांजराचं खाणं. मग त्याहून भारी मांजराचं खाणं. शब्दकोड्यांचं पुस्तक. लाल छत्री.

कर्मचाऱ्याच्या घरची, हे ऐकल्याबरोबर टेबलाखाली मुलीने माझा पाय दाबला. पण अक्का, मी ऐकत राहिलो. आपली कंपनी, चाचणी, परगावची नोकरी, सगळं विसरलो. मला एवढंच समजत होतं की तुमची बहीण काही महिने गप्प बसली होती, आणि मग सावरली. लोकर आणली, विणायला शिकली, मांजर पाळलं, त्याला लाडावून ठेवलं, कोडी सोडवली, पावसात बाहेर पडायचं म्हणून छत्री घेतली, तीही लाल. तिचं वर्ष चांगलं गेलं होतं. पिवळा रंग तिला कधी आवडायचा नाही, तरी मला वाटलं, चला, आवडायला लागला. मला वाटतं मी हसतही होतो, कारण बाई दोनदा माझ्याकडे बघून थांबल्या.

मग त्यांनी डिलिव्हरीची सूचना वाचली. बेल वाजवू नये, मांजर झोपतं. दार लोटून आत यावं, पाय पुसावेत. घाई असेल तर येऊच नये. खाली सिस्टिमने शेरा मारला होता की हुबेहूब हीच सूचना दुसऱ्या एका सभासदाच्या खात्यावर आहे, सबब दोन्ही खाती एकच व्यक्ती वापरते. शेऱ्याची मला गरजच नव्हती. मुलगी बघायला म्हणून मी पहिल्यांदा तुमच्या घरी आलो आणि दारातच घड्याळ बघितलं, तेव्हा शेवटचं वाक्य तुम्ही मला समोरासमोर ऐकवलं होतं.

बाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, हा माणूस कोण, सांगता येईल? मुलगी काहीतरी सारवासारव करणार एवढ्यात मी बोललो. एवढ्या माणसांत मी आपण होऊन बोललो, हे तुम्हाला खरं वाटणार नाही.

“बाई, खातं माझ्या बायकोचं आहे. ती गेल्या वर्षी वारली. खरेदी तिची मोठी बहीण करते.”

“हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?”

“नाही. आत्ता तुम्ही वाचलंत तेव्हा कळलं.”

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. हेडफोनने हेडफोन काढला. (त्याला कान आहेत हे आम्ही प्रथमच पाहिलं. चांगले आहेत.) मग बाई म्हणाल्या की त्यांच्याकडे आजवर पुष्कळ लोक पुष्कळ सिस्टिमा घेऊन आले, पण स्वतःच्या मालकाच्याच घरातली चोरी त्याच्या तोंडावर दाखवणारी ही पहिलीच. (चोरी हा शब्द त्यांचा. तुमच्या वतीने मी निषेध केला, मनात.) अक्का, काम मिळालं! एका दुकानाचं नाही, त्यांच्या सगळ्या दुकानांचं. मुलीने परगावच्या कंपनीला नकार कळवला तो त्याच इमारतीच्या जिन्यात उभं राहून. दातांच्या डॉक्टरांनी आम्हाला त्यांची बाहेरची खोलीही भाड्याने द्यायचं कबूल केलं आहे. दोन नवी माणसं घेतो आहोत. मला म्हणे त्यांना शिकवायचं आहे. मी! काल मी आरशासमोर उभा राहून बोलायचा सराव केला.

आता तुमच्यापुरतं. ते एक खातं तुमच्या घरचं आहे, ते तुम्हीच निस्तरा, असं बाईंनी मला सांगितलं आहे. त्यामुळे कंपनीच्या वतीने कळवतो की सदर खातं या महिन्याअखेर बंद होईल आणि ती सवलत यापुढे मिळणार नाही. तुमचं स्वतःचं खातं आहेच, ते वापरावं. राग मानू नये. ‘अक्का, तुझं तेल माझ्या नावावर मागव, स्वस्त पडेल,’ असं तिनेच तुम्हाला सांगितलं असणार आणि पासवर्डही तिनेच दिला असणार, हे मला न सांगता कळतं. पण आमच्या धंद्यात एकदा नातं बघितलं की संपलं. गिऱ्हाईक दुकानदाराची सासू असली तरी लाल खूण ती लाल खूण, असं मी बाईंना ठासून सांगितलं आहे, आणि ते मी पाळणार.

साडूभाऊंना नमस्कार. मांजराचं नाव कळवावं.

तुमचा मेहुणा

ता. क. वरचं पत्र मुलीने वाचलं. कंपनीचा सूर चांगला जमला आहे म्हणाली. इथून पुढचं तिला दाखवलेलं नाही. त्या दिवशी घरी आल्यावर मी तुमच्या बहिणीचा फोन कपाटातून काढून चार्जिंगला लावला. तिचा नंबर मी बंद केला नव्हता, पण फोन चालू करायचं वर्षभर धाडस झालं नव्हतं. चालू झाला आणि वाजतच राहिला. तुमची लोकर निघाली आहे, तुमची लोकर पोचली आहे, खरेदीबद्दल आभार, पुन्हा या. प्रत्येक निरोपाच्या सुरुवातीला तिचं नाव. मी ओट्याशेजारी स्टुलावर बसून सगळे वाचले. तेव्हा कंपनीने वर जे कळवलं आहे त्याकडे लक्ष देऊ नये. खातं चालू ठेवा. लाल खूण मी काढून टाकतो.

ता. क. २. तरीही सिस्टिम पुन्हा पकडू शकते, हेडफोनने ती फारच चांगली केली आहे. सावधगिरी म्हणून डिलिव्हरीची सूचना जरा वेगळ्या शब्दांत लिहावी. मांजराचा उल्लेख नको. शक्य झाल्यास थोडी नरम भाषा वापरावी, म्हणजे तुमच्यावर कुणालाच संशय येणार नाही.

ता. क. ३. सूचना बदलू नका. आत्ता लाल खूण काढायला सिस्टिम उघडली तर ती आधीच काढलेली आहे. खात्यासमोर ‘ओळख पटली’ असं लिहिलं आहे, आणि लिहिणारी म्हणून मुलीचं नाव. तारीख बाईंच्या खोलीतल्या बैठकीचीच. मला ती काही बोलली नाही, मीही तिला बोलणार नाही, तुम्हीही बोलू नका. तुमच्या बहिणीचा फोन ओट्यावर ठेवला आहे, आवाज पूर्ण वाढवून. लोकर संपत आली असेल ना?