ब्लेझरची इस्त्री

अहो,

मी आबांच्या दहाव्याला माहेरी, कापड्याला चाललेय. डबा ओट्यावर ठेवलाय, आमटी गरम करून घ्या. तुम्हाला उठवलं नाय. उठवलं असतं तर काय घालू, काय घालू करत कपाट उपसत बसला असता.

रायबादादाच्या लग्नात बर्मुड्यावर मांडवभर फिरलात, आणि माझ्या बापाच्या मयताला निळा ब्लेझर, गॉगल, वर अत्तर. तेही गिळलं मी. पण दादानं खांदा द्यायला हाक मारली तेव्हा सगळ्या वाडीसमोर म्हणालात, "नको, इस्त्री मोडेल." एकुलता एक जावई तुम्ही! तुमच्या जागी शेजारचा म्हातारा तिरडीखाली शिरला, चिखलात दोनदा घसरला, पण खांदा काढला नाय त्यानं.

जुना सदरा-पायजमा खुंटीला हाय. यायचंच तर तो घालून या. नायतर येऊ नका, कुणी विचारणार नाय.

ब्लेझर शोधू नका. दादाच्या शेतात रानडुकरं शिरतायत, म्हणून बुजगावण्याला घालायला मी तो नेलाय. निदान कावळ्यांना तरी त्याचा खांदा मिळेल.

अमिता