अर्धा सूर खाली

३ मार्च, सोमवार

आजपासून कोंडवाडा सुरू. स्टुडिओ कसला, लाँड्रीखालचं तळघर! चारी भिंतींना काळा फोम, खिडकी नाही, भिंतीवरचं घड्याळ बंद. वर कपडे पिळायचं मशीन फिरायला लागलं की माइकमध्ये घरघर येते. मग हात मांडीवर ठेवून ते थांबायची वाट बघायची. साठी उलटल्यावर पहिला स्वतःचा अल्बम करतोय, आणि त्याचं वेळापत्रक लोकांचं धुणं ठरवतंय.

अल्बम फक्त गिटारचा. शब्द नाहीत, गाणारा नाही. मुद्दामच नाही!

रेकॉर्डिंग करणाऱ्या बाईंचं नाव मी फौजदारीण ठेवलंय. काचेपलीकडून हुकूम सोडते. 'काका, परत.' सोळा वेळा परत. सतराव्यांदा 'चालेल' म्हणाली. चांगलं नाही, चालेल.

४ मार्च

आज तारा चढवल्या. अठ्ठावीस वर्षांनी! म्हणून लिहून ठेवतो.

सहाही तारा अर्धा सूर वर, म्हणजे जगातल्या बाकीच्या गिटारवाल्यांच्या असतात तिथे. आमच्या बँडमध्ये त्या अर्धा सूर खाली. का, तर मेहुणेबुवांचा गळा! बायकोचा थोरला भाऊ, माझा मित्र, आमचा गायक. पहिली रेकॉर्ड गाजली, आणि लगेच व्हॅनच्या दारात माझं बोट चेंगरलं. डाव्या हाताची अनामिका. तीन महिने घरी बसलो. परत आलो तर पहिल्याच तालमीला हे महाशय म्हणाले, 'पट्टी जरा खाली घ्या रे, हल्ली माझा गळा वर जात नाही.' घेतली. ती कायमची खालीच राहिली. माझं चेंगरलेलं बोट बरं झालं, त्याचा धडधाकट गळा काही बरा झाला नाही. हाताची सवय मोडू नये म्हणून घरातल्या गिटारीही मी खालीच लावत आलो.

आता गाणाराच नाही, तर मी कशाला खाली राहू?

बायकोला सांगितलं. ती इस्त्री करत होती. 'खालीच छान वाजवतोस की,' म्हणाली. म्हटलं, भावाची बाजू घेऊ नकोस. एकाच कॉलरवर बराच वेळ इस्त्री फिरवत राहिली.

६ मार्च

दोन संथ तुकडे झाले. बोटांची सालं निघालीत. वर चढवलेल्या तारा म्हणजे कुंपणाची तार नुसती! होईल सवय.

७ मार्च, शुक्रवार

रेकॉर्ड कंपनीचा माणूस आला. गुळगुळीत दाढी, गुळगुळीत बोलणं. 'सर, सगळं सुंदर आहे. फक्त एक. *ते* गाणं पाहिजे. शब्दांशिवाय चालेल.'

ते गाणं. पहिल्या रेकॉर्डवरचं. लोकांना माझ्याबद्दल माहीत असलेली एकमेव गोष्ट. मधे मेहुणा तो उंच सूर लावतो, आणि तो संपायच्या आत मी तोच सूर तारेवर उचलतो. तार दाबून वर ताणत न्यायची, टोकाला सूर सापडला की तिथेच धरून ठेवायची. किती? आठ ठोके. त्या आठ ठोक्यांवर मी जन्मभर जगलोय.

नाही म्हणून पाहिलं. त्याने हसत करार पुढे सरकवला. लिहिलेलंच आहे त्यात. ते गाणं नाही तर अल्बम नाही. आणि वर आणखी एक — चाल दोघांच्या नावावर आहे, तेव्हा मेहुण्याची सही लागणार.

नऊ वर्षं आम्ही बोलत नाही. बायको दर रविवारी भावाकडे जाते. मी तिला सोडतो आणि दोन तास गाडीत पेपर वाचत बसतो. पेपरामुळेच तर झालं सगळं. मुलाखतीत विचारलं, तुमचा बँड पूर्वीसारखा का वाजत नाही? मी बोलून गेलो, 'आमच्या गायकाला विचारा. नाचता येईना अंगण वाकडं. आम्ही त्याच्यासाठी अंगण खाली घेतलं, तरी नाचता येईना.' तेच त्यांनी मथळ्यात छापलं. मेहुणा फोनवर एवढंच म्हणाला, 'वाचलं.' आणि बँड संपला.

११ मार्च

ते गाणं सुरू केलं. मूळ पट्टीत, रेकॉर्डवर आहे तस्संच. लोकांना कळू दे, खाली कोणामुळे होतो ते.

तो सूर लागला नाही. जवळ जातो, आणि अनामिका थरथरायला लागते.

थंडीमुळे असेल.

१२ मार्च

चाळीस टेक. नाही.

१३ मार्च

आज थंडी नव्हती.

१४ मार्च, शुक्रवार

फौजदारीण आज मऊ झाली होती. म्हणजे प्रकरण गंभीर आहे. स्वतः उठून आत आली, स्टूल ओढून बसली. 'काका, दोन उपाय आहेत. तारा खाली घ्या, नाहीतर मी मशीनवर तो सूर वर नेते. कोणाला कळणार नाही.'

'मला कळेल.'

'मग खाली घ्या ना. सगळ्या जगाला तुम्ही तसेच आवडता.'

उठून बाहेर गेलो. बाहेर म्हणजे जिन्यात. वरून साबणाचा वास, खालून माझाच अर्धवट सूर — ती परत परत ऐकत बसली होती. वर जावं तर लाँड्रीवाला विचारतो, 'काय साहेब, कधी निघतोय अल्बम?' खाली जावं तर ते. तिथेच पायरीवर बसून राहिलो.

घरी बायकोने बोट गरम पाण्यात धरलं. खूप हळू चोळत होती. म्हणाली, 'सुंभ जळला तरी पीळ जात नाही तुझा. घे ना खाली. काय बिघडतं?'

'खाली त्याची जागा आहे. माझी नाही.'

तिने पाण्यातला हात काढून घेतला.

१७ मार्च, सोमवार

सबंध दिवस जुनी रेकॉर्ड ऐकली. तेव्हाचं माझं बोट काय होतं! तार रबराची असल्यासारखं नेलंय. मला त्या पोराचा हेवा वाटला. स्वतःचाच हेवा — काय वेळ आली ही!

मेहुण्याचा सूरही ऐकला. खोटं कशाला लिहू? सुंदर होता. फुकट घालवला गळा.

भीती वाटते. म्हातारपणाने बोट गेलं असेल तर? गिटार सोडून मला दुसरं काही येत नाही. साधा खिळासुद्धा बायको ठोकते.

१८ मार्च

बासष्ट टेक. फौजदारीण आता 'परत' म्हणत नाही.

२० मार्च, गुरुवार

कंपनीचा फोन. सोमवारपर्यंत गाणं आणि सही, नाहीतर सगळं गुंडाळा. सूर नाही तर नाही, निदान सही तरी आणू म्हणून गेलो. मेहुणा हल्ली शाळेत मुलांना गाणं शिकवतो. बायकोने पत्ता लिहून दिला, आणि दारापर्यंत आली. 'नीट बोल रे त्याच्याशी. माझी शपथ.'

लांबच लांब कॉरिडॉर, भिंतीवर मुलांची चित्रं, टोकाला संगीताची खोली. दाराला काच. आत तो पाठमोरा, पेटीशी. टक्कल पडलंय. मुलं त्याला चिडवत होती, 'सर, तुम्हाला पण येणार नाही एवढं वर!' तो म्हणाला, 'पैज?' आणि तोंड उघडलं.

तोच सूर.

मूळ पट्टीत! पंधरा दिवस तोच सूर डोक्यात घेऊन फिरतोय मी, माझी चूक होणं शक्य नाही. तसूभरही खाली नाही. ना घसा खाकरला, ना खांदे उचलले. पाण्याचा पेला उचलावा तसा उचलला. साठी उलटलेल्या माणसाने! मुलं ओरडायला लागली, 'परत, सर, परत!' त्याने परत लावला.

मी सही न घेताच परत आलो. गाडी कशी चालवली आठवत नाही. म्हणजे येत होतं! तेव्हाही येतच असणार. नुसता आळस, नाहीतर नखरा, आणि मला मात्र खाली दाबून ठेवलं अठ्ठावीस वर्षं. खाली सैल वाजवून वाजवून माझं बोट कामातून गेलं ते ह्याच्यामुळे! उद्या सगळं बोलणार. बायकोची शपथ गेली खड्ड्यात.

२१ मार्च, शुक्रवार

सकाळीच बायकोवर ओरडलो. लबाड आहे तुझा भाऊ! गळा ठणठणीत आहे त्याचा!

ती कपाट आवरत होती. वळलीसुद्धा नाही.

'दादाचा गळा कधी गेलाच नव्हता. तुझं बोट गेलं होतं. डॉक्टर आम्हाला म्हणाले, पूर्वीचा जोर आता येणार नाही. दादा म्हणाला, ह्याला कळलं तर हा गिटार खाली ठेवेल. तारा सैल करू, कारण माझ्या गळ्याचं सांगू.' चादरीची घडी घातली, मोडली, परत घातली. 'पेपरात आलं तेव्हा मी त्याच्या पाया पडले. म्हटलं, आता तरी सांग. नाही म्हणाला. म्हणाला, अजून वाजवतोय ना तो?'

दुपार झाली. गाडीची किल्ली घेऊन दाराशी बसलोय. शाळा पाच वाजता सुटते.

अंगण सरळच होतं.