खाताना काढायचा साचा

गिरीज, वसई
९ मार्च २००९

ती. व्हेरोनिका आत्यास,
नताशाचा सा. न. वि. वि.

तुम्हा सिस्टरांच्या हॉस्टेलचा फोन मदर सुपिरियरच्या टेबलावर असतो. मला जे सांगायचंय ते मदरच्या कानावर गेलं तर मेलेलं बरं, म्हणून पत्र. वाचलंस की फाडून टाक.

घरी सगळे बरे. डॅडींच्या केळींना यंदा लोंगर चांगले लागलेत. मम्मीची कंबर आहे तशीच. आजी ठणठणीत आहे, पण माझ्याशी बोलत नाही, आणि चूक माझीच आहे.

माझा वरचा दात दुसऱ्यावर चढलेला, तुला माहीतच आहे. शाळेत मला खवणी म्हणायचे. होळी गावच्या ऑस्टिनशी माझं लग्न ठरलं, ईस्टरनंतर साखरपुडा आहे. फोटोत तोंडावर हात ठेवून किती दिवस काढणार? म्हणून बांद्र्याच्या एका डॉक्टरीणबाईंकडे दात सरळ करायला घेतले. तारा नाहीत गं, पारदर्शक प्लास्टिकचा साचा असतो. दातांवर टोपीसारखा चढवायचा, काही दिवसांनी पुढचा. जवळ बसलेल्यालाही दिसत नाही. मम्मीने बजावलं, सासरी कळता कामा नये, म्हणतील पोरगी नटवी आहे. आजीलाही सांगितलं नव्हतं.

डॉक्टरचा नियम एकच, खाताना काढायचा. पेरू खाताना काढते, पाव खाताना काढते. पण चर्चमध्ये मिस्साला कम्युनियनची भाकर जिभेवर घेतली, आणि तेही खाणंच आहे हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही! घरी आले, मागच्या दारी मोरीवर साचा काढून घासला. आत पांढरं काहीतरी चिकटलं होतं. नखाने खरवडलं, तांब्याभर पाणी ओतलं, आणि मग कळलं मी काय धुतलं ते. आत्या, ख्रिस्तशरीर मी मोरीत धुतलं गं! पाणी पाटाने केळीच्या आळ्यात गेलं. वळून बघते तर आजी उभी. मी रडत रडत सगळं सांगितलं. ती पदर तोंडाला लावून आत गेली. आता त्या केळीपाशी ती कुणाला चप्पल घालून जाऊ देत नाही.

तेव्हापासून मी कम्युनियनला उठत नाही. फादरना कोणत्या तोंडाने सांगू? सगळी रांग माझ्या बाकाजवळून बघत बघत जाते. ऑस्टिनची मम्मी फ्लॉसी आंटी कॉयरच्या गाणाऱ्यांतून बघतात. लग्न ठरलेली मुलगी कम्युनियनला उठत नाही म्हटल्यावर गाव काय अर्थ काढतं ते तुला सांगायला नको. ऑस्टिनने विचारलं तर मी विषय बदलला. तो तेव्हापासून गप्प गप्प आहे. हे लग्न मोडलं तर माझ्यामुळेच मोडेल.

आजवर लोभ होता. हे वाचून उरला असेल तर कळव.
तुझी,
नताशा


मेळघाट
१८ मार्च २००९

चि. नताशास,
व्हेरोनिका आत्याचे अ. उ. आ.

पत्र फाडलं नाही. फाडण्यासारखं त्यात काही नाही.

वेदीवरची फडकी इथे मीच धुते. त्यांत ख्रिस्तशरीराचे कण असतात, म्हणून त्यांचं पहिलं पाणी आम्ही गटारात सोडत नाही, मुद्दाम मातीत ओततो. तुझं पाणी केळीला गेलं म्हणजे जिथे जायला हवं तिथेच गेलं. फादरना सांगून मोकळी हो. हसले तर हसू देत.

खरा गाढवपणा तू देवापाशी नाही, ऑस्टिनपाशी करते आहेस. दात लपवून संसार करणार आहेस का? तोंड कधी ना कधी उघडावं लागेलच की! तुझ्या मम्मीला, लूर्डस वहिनीलाही माझं नाव घेऊन सांग, मुलगी दात सरळ करते आहे, दरोडा घालत नाही.

आजीचं मात्र मनाला लावून घेऊ नकोस. तिची भक्ती फार कडक. कम्युनियन घेऊन परतताना ती पदराने तोंड झाकते आणि बाकावर तशीच मान खाली घालून बसते, पाहिलंयस ना? दर वर्षी हॉस्टेलच्या नव्या मुलींना मी ते सांगते, की प्रार्थना करावी तर माझ्या आईसारखी, जगाला तोंड न दाखवता. अशा बाईला धक्का बसणारच. तिची माफी माग.

लोभ तसूभरही कमी नाही. वाढवून हवा असेल तर ऑस्टिनला सांगून ये.
तुझी,
आत्या


गिरीज
१४ एप्रिल २००९

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

फादरना सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, पुढच्या वेळी साचा काढून रुमालात ठेव. पण भर चर्चमध्ये तोंडात बोटं घालून तो काढायचा कसा? सगळ्यांना कळणारच. म्हणून मी बसूनच राहिले. ऑस्टिनला सांगायचंही धाडस झालं नाही. तुझा राग सहन करीन.

ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी दुपारी फ्लॉसी आंटी ऑस्टिनला घेऊन घरी आल्या. चहा ठेवला, बिस्किटं ठेवली. त्यांनी बशीला हातसुद्धा लावला नाही. सरळ म्हणाल्या, पत्रिका छापायच्या आधी विचारून घेते, मुलगी कम्युनियनला का उठत नाही? काही असेल तर आत्ताच सांगा. मम्मी घाबरली आणि म्हणाली, तिच्या पोटाला बरं नसतं. आत्या, पोटाला! फ्लॉसी आंटींची नजर सरळ माझ्या पोटावर. ऑस्टिनने मान खाली घातली. धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं.

तेवढ्यात आजी आतून आली. पदर बाजूला केला, तोंडात हात घातला आणि वरची कवळी काढून बिस्किटांच्या बशीत ठेवली.

बोळक्या तोंडाने ती काय बोलली ते मला जन्मभर आठवेल. म्हणाली, कवळी बसवल्यावर पहिल्याच मिस्साला ख्रिस्तशरीर तिच्या कवळीला चिकटलं होतं. लाजेने तिने फादरनाही सांगितलं नाही. तेव्हापासून रांगेत उभी राहण्याआधी ती कवळी काढून पदराच्या गाठीत ठेवते, आणि बाकावर परतली की पदराआड पुन्हा बसवते. लोक म्हणतात, म्हातारी प्रार्थना करते. मग म्हणाली, माझी नात मोरीवर रडत होती तेव्हाच मी हे सांगायला हवं होतं, पण मला माझीच लाज वाटली. पोरीच्या पोटात काही नाही, तोंडात आहे. आणि त्यासाठी तिला नावं ठेवायची असतील तर आधी मला ठेवा.

मला वाटायचं ती माझ्यावर रागावली आहे. माझी अब्रू वाचवायला तिने स्वतःची लाज बशीत काढून ठेवली गं!

मग मीही साचा काढला आणि तिच्या कवळीशेजारी ठेवला. ऑस्टिनने बशीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि असा हसला की डॅडी वाडीतून धावत आले. म्हणाला, तू हल्ली माझ्याशी अडखळत बोलतेस, मला वाटलं तुला हे लग्नच नको आहे. फ्लॉसी आंटींना कुठे बघावं कळेना. निघताना त्या आजीचे दोन्ही हात धरून नुसत्या उभ्या राहिल्या.

ईस्टरच्या सकाळी आजी आणि मी एकाच बाकावर होतो. तिने पदरात, मी रुमालात, आपापलं काढून ठेवलं आणि बरोबरच उठलो. परत येताना आजीने तोंड झाकलं नाही. सोबत ऑस्टिनने काढलेला फोटो पाठवते. माझा दात अजून वाकडाच आहे आणि आजीला दातच नाहीत.

लोभ वाढवायचं कबूल केलं होतंस, विसरू नकोस.
तुझी,
नताशा


मेळघाट
२३ एप्रिल २००९

चि. नताशास,
अ. उ. आ.

फोटो मिळाला. आधी पोट धरून हसले, मग चॅपलमध्ये जाऊन रडले. इतकी वर्षं आईची गोष्ट सांगून मुलींना शहाणपण शिकवलं, आणि पदराआड ती काय करते हे पोटच्या लेकीने एकदाही विचारलं नाही. मला फार लाज वाटली गं.

काल मुलींना खरी गोष्ट सांगितली. एक धिटुकली म्हणाली, म्हणजे सिस्टर, आजी प्रार्थना करतच नव्हत्या? मी म्हटलं, पदराआड ती दात बसवत होती. प्रार्थना तिने पाहुण्यांसमोर केली, बशीत.

हे पत्र आईला वाचून दाखव. तिचा लोभ मागायला मला तोंड नाही, तरी मागते.
तुमची,
व्हेरोनिका