चाळलेली माती

आक्के,

आणि वर हेही सांगून ठेवलंस की लिंब्याला तार करू नका. अंगात उठून बसायची ताकद नाही, घोटभर पाणी दुसऱ्यानं पाजायचं, पण हुकूम द्यायची सवय काही सुटली नाही तुझी.

दाजींचं पत्र काल मिळालं. कुणाकडून तरी लिहून घेतलंय, अक्षर चांगलं आहे. अकरा दिवस ताप, बाराव्या दिवशी दुपारी तू गेलीस, दिवस मावळायच्या आत माती दिली. त्याला आता नऊ दिवस झाले. हे नऊ दिवस मी इथं पोटभर जेवलो. परवा तर एका पंजाब्याशी पैज लावून लोखंडी कांब एकट्यानं उचलली आणि त्याच्याकडून चार केळी जिंकली. तू मातीत, आणि मी केळी खातोय. हे तुझ्यामुळं झालं.

दाजींना उत्तर लिहायला म्हणून कागद घेतला. पण त्यांच्याशी माझं भांडण नाही. त्यांचं कुणाशीच होत नाही. भांडण तुझ्याशी आहे, म्हणून पत्र तुला. तू वाचणार नाहीस हे मला कळतं. जिवंत होतीस तेव्हा तरी माझं कुठं ऐकत होतीस?

मला एवढंच सांग. आठ वेळा नाटकात लोकांपुढं उभी राहून राजाला म्हणालीस ना, "हुकूम तुझा, पण भाऊ माझा"? मूठभर मातीसाठी मरायला निघालेली ती पोर तूच होतीस ना? मग माझ्या वाटची मूठभर माती अडवताना तुला काहीच आठवलं नाही?

गुरुजींना ते नाटक अफझलगंजच्या नदीकाठच्या वाचनालयात सापडलं होतं. पुस्तक घरी न्यायला देत नसत. कचेरी सुटली की गुरुजी तिथं बसून उर्दूतून वाचायचे, डोक्यात मावेल तेवढं घेऊन वस्तीत यायचे आणि संध्याकाळच्या वर्गात आम्हाला मराठीतून सांगायचे. ग्रीक म्हणून लोक, दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीचे. दोन भाऊ एका शहरासाठी भांडतात आणि एकमेकांच्या हातून मरतात. गादीवर त्यांचा मामा बसतो आणि हुकूम काढतो. एक भाऊ आपला, त्याला वाजतगाजत माती द्या. दुसरा फितूर, त्याला उघड्यावर पडू द्या, जो माती देईल तो मरेल. बहीण जाते आणि माती देते. गोष्ट एवढीच.

तू भाकरी घेऊन आली होतीस, दाराशी उभी होतीस. म्हणालीस, "गुरुजी, त्या लोकांना आपल्याकडचं कसं कळलं?"

गुरुजी म्हणाले, "त्यांना आपलं कळलं नाही बाई. आपलंच अजून संपलं नाही."

आपल्या वस्तीचा जलसा होताच. ढोलकी होती, मागं उभं राहून धृपद धरणारे झीलकरी होते. गुरुजी म्हणाले, त्यांच्या नाटकातही असेच झीलकरी असतात, गावाच्या वतीनं बोलणारे. मग तर ते नाटक आपलंच झालं. "माती कुणाच्या बापाची" हे धृपद गुरुजींनी बांधलं आणि आठवड्यात वस्तीतली पोरं पाणी भरताना तेच म्हणायला लागली.

बहिणीचं काम आधी पांडू टेलर करत होता. मिशी काढून, छाती बडवून रडायचा. तू तालमीत टोपली खाली ठेवून म्हणालीस, "असं कोण रडतं रे? भाऊ मेलाय का कोंबडी?" पांडू चिडला. गुरुजी म्हणाले, मग करून दाखव. तू करून दाखवलंस. रडली नाहीस, नुसती खाली बसलीस आणि जमिनीवरून हात फिरवलास. ढोलकीवाला ढोलकी वाजवायचा विसरला.

मग दाजी तीन दिवस फुगून बसले. चौथ्या दिवशी गुरुजींना म्हणाले, "नाटकात गेली तर गेली. पण परक्या गड्याचं डोकं मांडीवर घेणार का ती? चारचौघांत?"

गुरुजी म्हणाले, "मग मढ्याचं काम तिच्या भावालाच देऊ."

अशी माझी नेमणूक झाली. दिवसभर सुलतान बाजारात कापडाचे गठ्ठे उचलायचे आणि संध्याकाळी मढं होऊन पडायचं. तुला ठाऊक होतं, मला एका जागी बसवत नाही. आई गेल्यापासून तूच मला धरून जेवायला बसवत आलीस. अशा माणसाला तू दोन तास डोळे मिटून झोपवलंस.

दुसऱ्या खेळाला काय झालं ते आठवतंय? नदीची माती, त्यात नाकात गेली. सगळं मैदान गप्प, झीलकरी गप्प, आणि मढं शिंकलं. मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, जिंदा हय." लोक हसायला लागले. तू माझ्या तोंडावर हात दाबलास आणि राजाकडं बघून म्हणालीस, "बघ मामा, तुझा हुकूम मेलेल्यालासुद्धा पटत नाही." टाळ्या पडल्या. गुरुजींनी ते वाक्य नाटकात कायमचं घातलं. माझ्याशी मात्र तू दोन दिवस बोलली नाहीस.

गुरुजी म्हणाले, मातीऐवजी लाकडाचा भुसा घेऊ. तू म्हणालीस, "भावाला कुणी भुसा देतं का?" आणि पिठाची चाळणी काढलीस. पुढच्या प्रत्येक खेळाआधी उंबऱ्यात बसून माती चाळायचीस. दाजी कुरकुरायचे, भाकरीत कचकच लागते म्हणून. तू म्हणायचीस, "खा की. माझ्या भावाची माती आहे." एवढी मऊ माती व्हायची, आक्के, अंगावर पडलेली कळायचीसुद्धा नाही.

सुलतान बाजारच्या हॉलमध्ये खेळ झाला तेव्हा पुढच्या रांगेत आपली शिकलेली मराठी मंडळी बसली होती. गुरुजींनी मामाला पहिल्या अंकात रुमी टोपी घातली होती आणि दुसऱ्या अंकात पांढरी. एक वकील आत येऊन म्हणाले, "टोपी एकच ठेवा. लोकांचा गोंधळ होतो." गुरुजी म्हणाले, "लोकांचा नाही होत साहेब." वकील पुन्हा आले नाहीत.

पण दाराशी चहा विकणारा चाचा आला. त्याला मराठी जेमतेम कळायची. तुझ्यापुढं उभा राहिला आणि म्हणाला, "बेटी, मेरे भाई कू बी मिट्टी नईं मिली. कौन मारा, कायकू मारा, मैं नईं पूछता. मिट्टी नईं मिली." तू एवढंच विचारलंस, "कुठं पडला होता, चाचा?" तो म्हणाला, बीदरकडं. तू ताटलीत उरलेली माती त्याच्या हातावर ठेवलीस. त्यानं रुमालात बांधली आणि चहाची किटली उचलून गेला. ती माती बीदरची नव्हती. तो खेळही त्याच्या भावाचा नव्हता. तरी घेऊन गेला.

मी तिथंच पडून होतो, डोळे मिटून. सगळं ऐकलं मी. मला दुसरं काम तरी काय होतं?

राग तिथूनच आहे, आक्के. मला बोलायचं होतं. त्या पहारेकऱ्याचं काम मला हवं होतं, जो धापा टाकत येतो आणि सांगतो की कुणीतरी माती देऊन गेलं. गुरुजी म्हणाले, "लिंबा, तुला धड वाचता येत नाही, पाठ कसं करशील?" अगं, लिहा-वाचायला मी पुढं इथं येऊन शिकलो, पण तेव्हाही मला सगळ्यांचंच पाठ होतं. तुला ते ठाऊक होतं. एक शब्द टाकला असतास तर काम झालं असतं. तू काय म्हणालीस? "एका घरात एक बोलणारं पुरे."

विनोद होता म्हणशील. मला नाही हसू आलं.

मग राज्य तुटायची वेळ आली. कचेऱ्यांत याद्या लागल्या, कोण इथं राहणार आणि कोण मुंबई राज्यात जाणार. ही माणसं यांची, ती त्यांची. मामाचा हुकूमच की, फक्त टाइप केलेला. गुरुजींचं नाव परभणीच्या यादीत आलं, ढोलकीवाल्याचं नांदेडच्या. ठरलं की जायच्या आधीच्या रविवारी आठवा खेळ करायचा, वस्तीच्या मैदानावर, शेवटचा.

मी शुक्रवारी निघालो. ठेकेदाराचा माणूस नामपल्लीला माणसं गोळा करत होता. लांब मध्य प्रदेशात लोखंडाचा कारखाना उभा राहतोय म्हणाला, कष्टाळू माणूस पाहिजे. दोन दिवस थांबलो असतो तर पुढच्या टोळीत गेलो असतो. नाही थांबलो. मुद्दाम नाही थांबलो. तू चुलीपाशी होतीस, मागं वळून बघितलंही नाहीस. म्हणालीस, "जा. मढ्याला कुणी अडवतं का?"

रविवारी माझ्या जागी लोड ठेवला होता म्हणे. गुरुजींनी नंतर कळवलं. तू त्या दिवशी माती चाळली नाहीस, तेही कळवलं. लोडाला कशाला, म्हणालीस.

म्हणून काल पत्र वाचलं तेव्हा आधी वाटलं, हा त्याचाच सूड. मी तुझ्या शेवटच्या खेळाला नव्हतो, तू मला तुझ्या शेवटाला येऊ दिलं नाहीस. फिटंफाट. खरं सांगू? तसं असतं तर बरं झालं असतं. सूड असला की भांडता येतं.

पण दाजींनी पुढं लिहिलंय. पाचव्या दिवशी ते तार करायला निघाले होते, तर तू म्हणालीस, "नका. सुट्टी मागितली की ठेकेदार नाव कापतो. जाण्यायेण्याचं भाडं वर. आणि त्याला माझ्यापाशी बसवून काय करता? त्याला मढं होऊनसुद्धा गप्प राहवत नव्हतं." मग हसलीस म्हणे.

तू हसलीस, आणि दाजी परत येऊन बसले. नाटकातली ती धाकटी बहीण नाही का, "मला भीती वाटते, मी नाही येत" म्हणणारी? दाजी तेच. एकदा तरी तुझा हुकूम मोडायचा होता त्यांनी.

नाटकाच्या शेवटावरून गुरुजींशी तू भांडली होतीस. त्यांना वाटत होतं, आपल्या लोकांनी आधीच फार सोसलंय, मामाला वेळेवर शहाणपण येऊ दे, पोर वाचू दे. तू ऐकेनास. "हुकूम देणारे वेळेवर पोचत नाहीत, गुरुजी. पोचलेले दाखवलेत तर लोक घरी जाऊन निवांत झोपतील." तुझंच खरं झालं. पण यात गंमत बघ, आक्के. या वेळी हुकूम देणारी तू, आणि उशिरा पोचणारा मी. तू दोघांची कामं वाटून दिलीस आणि निघून गेलीस.

दाजींनी माती द्यायचं सगळं लिहिलंय. नव्या धम्माप्रमाणं करायचं ठरलं, पण नवी रीत अजून कुणाला पुरती ठाऊक नाही. जुनं काही नको, यावर सगळे एक. मग काय करायचं, यावर दोन माणसं एक नाहीत. कुणी म्हणालं, मूठभर माती टाकणं हेही जुनंच. पांडू टेलर म्हणाला, "तिच्यासमोर बोलून दाखवा हे." मग पंचशील म्हटलं आणि सगळ्यांनी माती दिली. पुढं एक ओळ आहे, "जमीन खडकाळ होती." ही ओळ कशाला लिहिली दाजींनी? ती मी काल किती वेळा वाचली असेल. माझ्या अंगावर तू एक खडा पडू दिला नाहीस.

आता माझा हुकूम ऐक.

उन्हाळ्यात मी येणार. ठेकेदार नाव कापेल तर कापू दे, कांबा उचलणाऱ्याला दुसरीकडंही काम मिळतं. गुरुजींना परभणीहून आणि ढोलकीवाल्याला नांदेडहून बोलावून घेईन. वस्तीच्या मैदानावर नववा खेळ लावीन. बहिणीचं काम मी करणार. मिशी काढीन, पांडूचं लुगडं मागून घेईन. तुझे सगळे शब्द मला पाठ आहेत, श्वास कुठं घ्यायचीस तेही. छाती बडवणार नाही, भिऊ नकोस.

मढं म्हणून दाजींना झोपवीन. गप्प पडून राहता येतं, हे त्यांनी दाखवलंच आहे.

आणि चाळणी कुणाला देऊ नका म्हणून दाजींना वेगळं कळवतोय. माती मी चाळीन, उंबऱ्यात बसून. खेळात पहिली मूठ दाजींच्या अंगावर पडेल, पण ती तुझी असेल. बीदरच्या माणसाला पोचली, तर तुलाही पोचेल. उरलेली ताटली घेऊन दुसऱ्या दिवशी त्या खडकाळ जागी येईन. तेव्हा अडवून दाखव.

तुझं मढं,
लिंबा

ता. क. : दाजींच्या नावे आज मनीऑर्डर केली आहे. गॅसबत्त्या आणि गुरुजींच्या प्रवासासाठी आहे. तू माझं जाण्यायेण्याचं जे भाडं वाचवलंस, तेच आहे. रुपये बत्तीस.