सात नंबरचा फुगा

१२ सप्टेंबर
फाडला! हातमोजा फाडला मी.
सात नंबरचा फुगा, मिनेगिशी सानचा – तिच्या संशोधनाचा. त्या प्लास्टिकच्या फुग्यात एकही जंतू नसतो. उंदीर आतच जन्मतात, आतच मरतात. आम्ही बाहेरून, फुग्यालाच जोडलेल्या लांब रबरी मोज्यांत हात घालून त्यांचं खाणंपिणं बघतो. सकाळी ओदागिरी सान – प्रयोगशाळेतले सहायक – तिच्यासमोर म्हणाले, "कुवाताने कॉलेज अर्धवट सोडलं. आत शिरण्याआधी आंघोळ तरी पुरती करतोस ना रे?" ती हसली. थोडंसंच. पण हसली! आत जाऊन मी पिंजऱ्याचं झाकण आपटलं. कडेला बोट अडकलं – टर्रकन.
नियम असा की लगेच सांगायचं. मग फुग्यातले सगळे मारायचे. पाच दिवसांची पिल्लं, दीड महिन्याची थोरली, त्यांची आई. म्हणजे मिनेगिशी सानची दोन वर्षांची मेहनत.
चिकटपट्टी लावली. नोंदवहीत लिहिलं नाही. इथे लिहितोय.

१३ सप्टेंबर
झोप नाही.

३० सप्टेंबर
महिनाअखेरची जंतूंची तपासणी. सात नंबरच्या लेंड्या पाठवायच्या होत्या, आठच्या पाठवल्या. तिच्यासाठी केलं म्हणे! स्वतःला हेच सांगून सांगून दमलो.

६ ऑक्टोबर
आज ती माझ्याशी पंधरा मिनिटं बोलली. मी भाताचा गोळा खात होतो, तसाच हातात राहिला.
म्हणाली, "बहुतेक टी पेशी नवशिक्या असतात. शत्रू दिसल्यावर तयारीला आठवडा लावतात. माझ्या मेट पेशी तशा नाहीत. पहिल्यापासून कमरेला पदर खोचून उभ्या! जंतू ब-२ जीवनसत्त्व बनवतात ना, त्यातला अर्धकच्चा माल त्या ओळखतात. कातडीवर जखम झाली तर भरायलाही मदत करतात."
"मग फुग्यातल्या उंदरांत?"
"जवळजवळ नसतातच. जंतूच भेटले नाहीत तर कशाच्या जोरावर वाढतील? आणि भेटायचे तर अगदी लहानपणी. पुढे जंतू कितीही भेटू देत, पेशी कातडीत घर करत नाहीत."
उशिरा भेटणाऱ्यांचं कुठेच काही होत नाही, असं दिसतं.

१५ ऑक्टोबर
तिला पेशी सापडल्या. सात नंबरच्या धाकट्या पिल्लांच्या कातडीत, ढिगाने. थोरल्यांत नाहीत.
"एकाच फुग्यातले, एकाच आईचे! कुवाता-कुन, जंतूंशिवाय पेशी! हे कुणी बघितलेलंच नाही!" माझा दंड धरून हलवला तिने. पुढच्या महिन्यात परिषदेत मांडणार आहे.
संडासात जाऊन बसलो.

२१ ऑक्टोबर
प्रयोगांत मेलेल्या उंदरांच्या स्मृतीच्या दगडापुढे वर्षाचा नमस्कार. शेवंती, उदबत्ती. कुणीतरी खाद्याच्या चार गोळ्या ठेवल्या होत्या. सगळे उठले, ती वाकलेलीच. धाकट्या पिल्लांची माफी मागत होती, पुटपुटत. माझ्याच्याने बघवेना. तिथेच सांगून टाकलं. मोजा, पट्टी, लेंड्या, सगळं.
"मूर्खा!" ती म्हणाली. "परिषदेत सगळ्यांसमोर उभी राहून मी खोटं बोलले असते!" आणि निघून गेली.
तासाभराने परत आली. डोळे सुजलेले.
"तारीख कुठली?"
"कसली?"
"मोजा फाटला ती! पिल्लं किती दिवसांची होती?"
"पाच."
ती मटकन पायरीवर बसली. "म्हणजे धाकट्यांना वेळेत भेटले जंतू. थोरल्यांना उशिरा. एकाच फुग्यात, एकाच दिवशी…" मग माझ्याकडे न बघता, "तारीख नक्की आहे ना तुझी?"

२२ ऑक्टोबर
नोकरी गेली. ते ठीकच.
सेरिझावा सर, प्रयोगशाळेचे प्रमुख, म्हणाले, "खोटे नमुने पाठवणाऱ्याच्या तोंडच्या तारखेवर काही उभं राहत नाही. त्याच दिवशी लिहिलेलं काही आहे?"
आहे म्हणालो, माझी रोजनिशी. पान फाडून आणतो म्हणालो. ते म्हणाले, सुट्या पानाला काय अर्थ, अख्खी वही आण. मिनेगिशी सान पहिल्यापासून वाचून तारखा पडताळतील.
पहिल्यापासून. एप्रिलपासून. ती नाही असं पान शोधलं. नाही सापडलं.
खोडायला पेन उचललं. पण खोडाखोड केलेली वही कोण मानणार?
पेन ठेवतो. ती वहीसाठी खाली थांबलीय.