काळी खसखस

वॉर्सा, २६ डिसेंबर २०२४

ती. सौ. आईस,
आकांक्षाचा शि. सा. न. वि. वि. गुडघे बरे असतील तर छान, नसतील तर जिना दहादा चढू-उतरू नकोस.

आपल्या धनेशचं जहाज बुडाल्याचं सांगणारा तो फोन आल्यापासून तू फोन कानाला लावत नाहीस, त्याला दोन वर्षं होत आली. म्हणून मी आपली पत्रं खरडते. इथल्या पोस्टातली बाई आता मला बघूनच तिकिटं काढून ठेवते.

नाताळच्या सुट्टीत ग्दान्स्कला लेस्याबाईंकडे जाऊन आले. धनेशच्या जहाजावरचा मिकोला इंजिनीअर, तोही धनेशसारखा सापडलाच नाही, त्याची ही बायको. मूळच्या युक्रेनच्या, युद्धामुळे इथे येऊन राहिल्यात. नाताळच्या आदल्या संध्याकाळी त्यांच्याकडे बारा पदार्थ करतात, सगळे बिनमांसाचे. पहिला घास कुत्याचा. नावाला हसू नकोस! आपली गव्हाची खीर असते ना, तिचीच लांबची बहीण. शिजवलेले अख्खे गहू, वर मध, अक्रोड आणि वाटलेली काळी खसखस. गूळ नाही, नारळाचा रस नाही. रंग बघून माझा हात थांबलाच, ओल्या मातीसारखा काळपट. पहिला घास तोंडात नुसता फिरला. दुसऱ्या घासाला गहू दाताखाली आला आणि मला एकदम आपला ओटा आठवला. मग मी दोनदा मागून घेतलं.

त्यांनी टेबलावर दोन ताटल्या जास्त मांडल्या होत्या, एक मिकोलाची, एक धनेशची. दोन्हींत कुत्या वाढला. घरापासून लांब असलेल्या माणसांसाठी अशी ताटली मांडतात, असं म्हणाल्या.

बाबा म्हणत होते, मार्चमध्ये दर्भाचा पुतळा करून धनेशचे विधी करायला तू हो म्हणण्यापर्यंत आलीयस. मी काय सांगणार? तुला पटेल ते कर.

लोभ आहे तसाच ठेव, रागावलीस तरी.
तुझी आकांक्षा

लालबाग, १९ जानेवारी २०२५

चि. बाय आकांक्षा हिस,
अ. उ. आ. पत्र पोचलं, आणि मी चार वेळा वाचलं.

अगं, किती दिवसांनी मला पोटभर जेवण गेलं! मी रोज रात्री धनेशचं ताट वाढते म्हणून चाळीतल्या बायका मागे काय काय बोलतात ते मला कळत नाही का? सुंदराबाई तर तोंडावर म्हणाली, की शांता, आता पुरे. आणि तिकडे एक परकी बाई, जिने माझ्या लेकाला कधी पाहिलं नाही, ती त्याचं ताट मांडून वाट बघते. तुझ्या बाबांना पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. ते उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले.

भटजींना मी नाही म्हणून कळवलं. गवताच्या पुतळ्याला मी माझा मुलगा म्हणू? बरं झालं बाय, तुझं पत्र वेळेवर आलं.

पण लेस्याताईंना सांग, धनेशला खसखस बेतानंच वाढा. चार वर्षांचा असताना गणपतीत खसखशीची खीर दोन वाट्या प्यायला आणि आरती चालू असताना माझ्या पायाशी आडवा. टाळ वाजतायत, घंटा वाजतेय, हा आपला घोरतोय. खसखस खाल्ली की मेला मेल्यासारखा झोपायचा.

बघ, हात काय लिहून गेला. खोडत नाही आता.

कुत्या कसा करतात ते नीट लिही. इथे मसाल्याच्या दुकानात काळी खसखस मागितली तर तो म्हणाला, मावशी, आम्ही पांढरीच ओळखतो. अंगावर गरम घाल, आणि आम्हाला विसरू नकोस.
तुझी आई

वॉर्सा, ८ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. आईस,
शि. सा. न. खुशाली लिहायचा धीर नाही, म्हणून सरळ लिहिते.

आई, मी खोटं लिहिलं. ती ताटली लांब गेलेल्यांची नसते, गेलेल्यांची असते. त्या संध्याकाळी घरातली मेलेली माणसं जेवायला येतात, असं ते मानतात. ताटल्या रात्रभर तशाच ठेवतात. लेस्याबाईंनी मला हे स्वच्छ सांगितलं होतं. तुझा चेहरा डोळ्यासमोर आला आणि माझी हिंमत झाली नाही. तू विधी मोडशील असं वाटलं नव्हतं गं. बाबा फोनवर रडले.

पहिल्या वर्षी लेस्याबाईंनीही मिकोलाची ताटली मांडली नव्हती. तो येईल म्हणून त्याचे बूट दाराशी ठेवले होते. मग त्यांच्या मनात आलं, की आपण त्याला जिवंतांतही बसवत नाही आणि मेलेल्यांतही, मग त्यानं जेवायचं कुठे? त्या वर्षी तो उपाशी राहिला, हे त्यांना अजून लागतं.

गहू रात्रभर भिजत घालायचे, मऊ शिजवायचे, पण फुटू द्यायचे नाहीत. खसखस गरम पाण्यात भिजवून वाटायची. मध गार झाल्यावर.

माफ कर म्हणायला तोंड नाही, तरी माया सोडू नकोस.
आकांक्षा

लालबाग, २ मार्च २०२५

चि. आकांक्षा हिस,
अ. उ. आ. तीन दिवस तुला शिव्या घातल्या, चौथ्या दिवशी गहू भिजत घातले.

कळलं नव्हतं असं नाही. तुझ्या त्या एका ओळीपाशी मी दर वेळी अडखळत होते. पण मला ती ओळ हवी होती, म्हणून मी ती खरी करून घेतली. तुझी चूक निम्मी, निम्मी माझी.

पांढरीच खसखस घेतली. मिक्सरला लावली नाही, पाट्यावर वाटली, गुडघ्यांनी जीव काढला. तुझे बाबा शेजारी बसून पाणी घालत होते. चव तुझ्या कुत्यासारखी झाली की खिरीसारखी, देव जाणे. काल धनेशचं ताट वाढलं. रोज त्याच्या ताटातलं नंतर मीच खाते, कुणी म्हणू नये की तो जेवला नाही. काल हात लावला नाही. सकाळी बाबांनी ते उचललं आणि तसेच भटजींकडे गेले. तेरा तारखेचं ठरलं आहे.

बाय, दोन वर्षं मी त्याला जागं ठेवलं गं. येतो येतो म्हणत तो त्या गार पाण्यात उभा, आणि मी इथून रोज हाक मारतेय. खीर वाढताना वाटी काठोकाठ भरली, आणि म्हटलं, बाबा रे, खा आणि झोप आता.

लेस्याताईंना माझा नमस्कार सांग. पुढच्या नाताळात मिकोलाचं ताट मीही वाढीन.

रविवारी फोन कर. मी उचलीन.
तुझी आई